कोथरूडचा फ्लॅट पाहुण्यांसाठी आणि त्या पैशांत घरच्यांचा प्रवास : दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

घर अल्प मुदतीसाठी पाहुण्यांना देण्याची सोय करणाऱ्या एका मोठ्या ऑनलाइन सेवेचा मी जानेवारी 2024 पासून दोन्ही बाजूंनी वापर करीत आहे. कोथरूडमधला आमचा एक बेडरूमचा फ्लॅट मी याच सेवेवरून पाहुण्यांना देते आणि सुट्टीत पाच जणांचे आमचे कुटुंब बाहेरगावी जाते तेव्हा बहुतेक वेळा याच सेवेवरून घर घेतो. सेवेचे नाव येथे लिहीत नाही, कारण अशा बहुतेक सेवांची रचना सारखीच आहे आणि मला जे सांगायचे आहे ते त्या सगळ्यांना लागू पडेल. ते थोडक्यात असे, की पडद्यावर दिसणारा ‘एका रात्रीचा दर’ घर देणाऱ्याला जेवढा फसवतो तेवढाच घर घेणाऱ्यालाही फसवतो. हा दर बाजूला ठेवून हिशेब मांडला तरच ही सेवा कोणासाठी फायद्याची आहे, हे कळते.

आमचा फ्लॅट आम्ही राहतो त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर आहे. सासरे गेल्यानंतर सासूबाई खाली आमच्याकडे राहायला आल्या आणि वरचे घर रिकामे राहिले. ते कायमचे भाड्याने द्यावे, असे माझ्या पतींचे मत होते. सासूबाईंना मात्र आपले घर एकदम परक्याच्या ताब्यात जावे, हे सहन होण्यासारखे नव्हते. पाहुणे येतात आणि जातात, मधल्या दिवसांत दुपारी वर जाऊन आपल्या खुर्चीत बसता येते, ही कल्पना त्यांना पटली. फ्लॅट या सेवेवर टाकण्यामागे आधी हे कारण होते, पैशाचा विचार नंतर आला. पुढचा हिशेब वाचताना हे लक्षात ठेवावे.

सुरुवात सोपी होती. छायाचित्रे, पॅन, बँक खाते आणि ओळखपत्र दिले, की दोन-तीन दिवसांत घर यादीत दिसू लागते. खरी तयारी सेवेच्या बाहेर करावी लागली. सोसायटीच्या समितीला लेखी अर्ज देऊन ना-हरकत पत्र घेतले. त्या सभेत शेजाऱ्यांनी विचारलेले प्रश्न मला अगदी रास्त वाटले : रात्री उशिरा लिफ्ट वाजणार का, वाहने कुठे लावणार, अनोळखी माणूस जिन्यात भेटला तर तो कोण हे आम्हाला कसे कळणार? त्यातून असे ठरले, की प्रत्येक पाहुण्याचे नाव आदल्या दिवशी पहारेकऱ्याला द्यायचे, ओळखपत्राची प्रत आमच्याकडे ठेवायची आणि रात्री दहानंतर बाहेरच्या मंडळींना वर बोलवायचे नाही. परदेशी नागरिक उतरला तर त्याची माहिती 24 तासांच्या आत सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. ही जबाबदारी घर देणाऱ्याची असते आणि सेवेने ती आमच्यासाठी पार पाडली, असे कधी झाले नाही. या सगळ्याची स्पष्ट सूचना सेवेच्या नोंदणीच्या पानावर ठळकपणे असायला हवी होती. ती नव्हती, ही माझी पहिली तक्रार.

आता हिशेब. एप्रिल 2024 ते मार्च 2025 या पूर्ण वर्षात आमचा फ्लॅट 118 रात्री भरलेला होता आणि दर रात्रीमागे सरासरी 1,700 रुपये मिळाले, म्हणजे एकूण 2,00,600 रुपये. एका मैत्रिणीने हा आकडा ऐकून दुसऱ्याच दिवशी आपल्या बाणेरच्या फ्लॅटचे फोटो काढायला घेतले होते, म्हणून खर्चाची बाजूही तितक्याच स्पष्टपणे लिहिते. वर्षभरात 52 वेळा पाहुणे बदलले. प्रत्येक वेळी सफाईच्या मावशींना 350 आणि चादरी-टॉवेलच्या धुलाईला 150 रुपये दिले, त्याचे 26,000 झाले. वीजबिल 26,400 आले, कारण पाहुणे एसी बंद न करताच फिरायला जातात. सेवेचे शुल्क 3 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 7,100 रुपये. इंटरनेटला 7,000, साबण, चहा-साखर आणि नव्या चादरींना 9,500, दुरुस्त्यांना 21,000 रुपये लागले. महापालिकेच्या मिळकतकरात मालक स्वतः राहत असल्यास जी 40 टक्के सवलत मिळते, तिच्यावर आम्ही या फ्लॅटसाठी हक्क सांगितला नाही, त्यामुळे करापोटी सुमारे 6,000 रुपये जास्त गेले. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीने बिनभोगवटा शुल्क लावले. राज्य सरकारच्या 2001 च्या निर्णयानुसार ते सोसायटीच्या सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणून आमच्याकडे ते वर्षाला 2,400 वरच थांबले. हे सगळे मिळून 1,05,400 रुपये खर्च झाला आणि हातात 95,200 राहिले.

हाच फ्लॅट अकरा महिन्यांच्या कराराने दिला असता, तर आमच्या भागात त्याला महिना 16,000 रुपये सहज मिळाले असते. वर्षाचे 1,92,000. मिळकतकर, सोसायटीचे शुल्क, करारनोंदणी आणि अधूनमधून रंगकाम धरूनही हातात येणारी रक्कम पावणेदोन लाखांच्या खाली गेली नसती. शिवाय विजेचे बिल भाडेकरूने भरले असते आणि मला वर्षातले शंभराहून अधिक तास निरोपांना उत्तरे देण्यात, किल्ली देण्यात आणि चादरी मोजण्यात घालवावे लागले नसते. मी हिशेब तीनदा तपासला आणि तो दर वेळी तसाच आला. तेव्हा पुण्यात ज्यांच्याकडे पूर्ण फ्लॅट रिकामा आहे आणि ज्यांना केवळ उत्पन्न हवे आहे, त्यांनी सरळ भाडेकरू ठेवावा, असे मी मनापासून सांगते. वर्षातले काही महिनेच मोकळे असणारे घर, राहत्या बंगल्यातली स्वतंत्र वाटेची खोली, किंवा आमच्यासारखे भावनेच्या कारणाने पूर्ण सोडता न येणारे घर, अशांसाठी मात्र ही सेवा उपयोगाची आहे.

सेवा स्वतःहून जो दर सुचवते, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण नवीन यजमानाचे सर्वांत जास्त नुकसान तेथेच होते. ही स्वयंचलित सूचना शनिवार-रविवारी दर वाढवायला आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत तो बराच उतरवायला सांगते. गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा लोणावळ्यात ते बरोबर असेल. पुण्यातल्या आमच्या घरी येणारी माणसे मात्र सहलीला आलेली नसतात. मुलाच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठी आलेले आईवडील, रुग्णालयात दाखल असलेल्या नातेवाइकासाठी आलेली भावंडे, परीक्षेला आलेले उमेदवार, लग्नाची खरेदी करायला आलेले कुटुंब ही आमची मंडळी, आणि यांतले बहुतेक सोमवार ते शुक्रवार येतात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दीक्षान्त संचलन वर्षातून दोनदा होते. त्या दिवसांत खडकवासल्याला जायला सोयीचे म्हणून कोथरूडमधल्या घरांची दूरदूरच्या गावांहून विचारणा होते. डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवासाठी येणारे श्रोते चार-पाच रात्री राहतात आणि त्यांच्याइतके नीटनेटके पाहुणे मी दुसरे पाहिले नाहीत. पहिल्या वर्षी मी सुचवलेला दर मान्य केला आणि महोत्सवाच्या आठवड्यात फ्लॅट रात्रीला 1,150 रुपयांनी गेला. त्यानंतर स्वयंचलित दर बंद करून मी स्वतःचे कॅलेंडर तयार केले. प्रवेशप्रक्रियेच्या वेळापत्रकाकडे लक्ष ठेवणे हे आता माझे वार्षिक काम झाले आहे.

पुणे मेट्रोने आमच्या फ्लॅटची किंमत कशी बदलली, हेही नोंदवते. वनाझ ते रुबी हॉल हा मार्ग 1 ऑगस्ट 2023 रोजी सुरू झाल्यापासून पुणे रेल्वे स्थानकावर उतरलेला पाहुणा सामानासह मेट्रोने थेट वनाझला येऊ शकतो. स्वारगेटहून येणाऱ्याला जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलावी लागते, तरी रिक्षाच्या भाड्याशी तुलना केल्यास ते फार स्वस्त पडते. मी आमच्या घराच्या वर्णनात पहिल्याच ओळीत हे लिहिले आणि त्यानंतर रिक्षाच्या भाड्यावरून येणारे तक्रारीचे निरोप जवळजवळ थांबले. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद असला, तर आदल्या रात्री पाहुण्यांना कळवून दोन बादल्या भरून ठेवायला सांगावे लागते. ही छोटी गोष्ट न सांगितल्यामुळे मला एकदा पाचऐवजी तीन तारे मिळाले होते आणि पाहुण्याची त्यात काही चूक नव्हती.

सेवेच्या जमेच्या बाजू खऱ्या आहेत. पैसे पाहुणा आल्यानंतर नियमितपणे जमा होतात. दोन वर्षांत एकदाही उशीर झाला नाही. पाहुण्यांकडून घ्यायचा जीएसटी सेवाच गोळा करून भरते, त्यामुळे 20 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या आमच्यासारख्या छोट्या यजमानाला त्यासाठी स्वतंत्र नोंदणीची धावपळ करावी लागत नाही. पॅन दिलेला असल्यास आणि वर्षाची रक्कम 5 लाखांच्या आत असल्यास प्राप्तिकराची कपातही होत नाही. विवरणपत्रात मात्र उत्पन्न दाखवावेच लागते. दोन्ही बाजूंनी अभिप्राय लिहिण्याची पद्धत मला विशेष आवडते, कारण त्यामुळे पाहुणाही घर जपून वापरतो.

नुकसानभरपाईचा अनुभव मात्र निराश करणारा होता. एका पाहुण्याच्या हातून गॅसच्या शेगडीची काच फुटली. मी त्याच दिवशी छायाचित्रे, जुनी पावती आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक पाठवले. त्यानंतर अकरा दिवस तीच माहिती निरनिराळ्या प्रतिनिधींनी नव्याने मागितली आणि शेवटी निम्म्याहून कमी रक्कम मिळाली. रक्कम मोठी नव्हती. परंतु प्रत्येक वेळी आधीचे संभाषण न वाचता पहिल्यापासून विचारणे, हे ज्या सेवेच्या जाहिरातीत यजमानाच्या संरक्षणाला इतके मोठे स्थान आहे, तिला शोभणारे नाही.

आता घर घेणाऱ्याची बाजू. ऑक्टोबर 2025 मध्ये, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार रात्रींसाठी म्हैसूरला गेलो. यादीत घराचा दर रात्रीला 2,200 रुपये दिसत होता, म्हणजे चार रात्रींचे 8,800. प्रत्यक्षात सफाईचे 900, सेवेचे शुल्क करासह 1,350 आणि घर व सफाईच्या रकमेवरील 5 टक्के जीएसटीचे 485 रुपये मिळून एकूण 11,535 रुपये भरावे लागले. रात्रीचा खरा दर झाला जवळजवळ 2,900. सप्टेंबर 2025 मध्ये 7,500 रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला नसता, तर तो आणखी वर गेला असता. पाच जणांसाठी साध्या हॉटेलच्या दोन खोल्या घेतल्या असत्या, तर प्रत्येकी 1,800 रुपये दराने करासह 15,120 रुपये पडले असते. म्हणजे घर घेऊन साडेतीन हजारांची बचत झाली, पण हॉटेलच्या दरात सकाळचा नाश्ता होता आणि तो चार दिवस पाच जणांचा धरला, तर बचतीचा मोठा भाग तेथेच संपतो.

मग बचत कुठे झाली? स्वयंपाकघरात. सासूबाई 76 वर्षांच्या आहेत आणि सलग चार दिवस बाहेरचे जेवण त्यांना सोसत नाही. आम्ही घरून मेतकूट, भाजणी, डाळ-तांदूळ आणि गोडा मसाला नेला होता. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचा वरणभात घरी होत असे, दुपारचे जेवण तेवढे बाहेर. पाच जणांच्या एका वेळच्या बाहेरच्या जेवणाला सुमारे 1,200 रुपये लागत होते, तर घरच्या रात्रीच्या जेवणाला भाजी-दुधासह 350 पुरत. चार रात्रींत एवढ्याने 3,400 रुपये वाचले. धुलाईयंत्रामुळे कपडे निम्मे नेता आले, हा फायदा वेगळाच. म्हणून दोनच रात्री राहायचे आणि सगळे जेवण बाहेर करायचे असेल, तर कुटुंबाने या सेवेवरून घर घेऊ नये. सफाईचे शुल्क दोन रात्रींवर वाटले गेले, की नाश्ता धरून हॉटेलच स्वस्त पडते. चारपाच रात्री एकाच गावी राहून आजूबाजूला फिरायचे असेल, तर घर घ्यावे. घेण्यापूर्वी यजमानाला स्वयंपाकाच्या भांड्यांचे छायाचित्र मागावे. म्हैसूरच्या घरात ‘सुसज्ज स्वयंपाकघर’ लिहिलेले होते आणि तेथे कुकर होता, पण पोळपाट-लाटणे आणि धार असलेली सुरी नव्हती. परत आल्यावर मी पहिल्यांदा आमच्या फ्लॅटमधली कुकरची रिंग बदलली आणि मिसळणाचा डबा भरून ठेवला. पाहुण्यांच्या अभिप्रायांत त्यानंतर सर्वांत जास्त उल्लेख त्या डब्याचा आला आहे.

प्रवासाच्या खर्चात सेवेचा काही वाटा नाही, पण कुटुंबाचा एकूण हिशेब त्याशिवाय पुरा होत नाही. रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे आणि 2016 पासून 5 ते 12 वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे द्यावे लागते. त्यामुळे म्हैसूरसाठी आम्हाला पाच पूर्ण तिकिटे घ्यावी लागली. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडते, तेव्हा त्याच सकाळी शयनयानाची तिकिटे काढली आणि रात्रीच्या प्रवासामुळे एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च वाचला. याउलट एसटीने त्याच वर्षाच्या सुरुवातीला गुहागरला गेलो होतो. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, म्हणून माझे आणि चौदा वर्षांच्या मुलीचे अर्धे. मुलगा दहा वर्षांचा, त्याचेही अर्धे. सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडलेली असल्यामुळे अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत त्यांचा प्रवास मोफत. पतींचे तेवढे पूर्ण. माणसे पाच आणि तिकिटे अडीच, वर थोडा आरक्षण आकार. स्वतःची गाडी नेली असती, तर पेट्रोल आणि टोलमध्ये याच्या कितीतरी पट पैसे गेले असते आणि ताम्हिणी घाटात किंवा कुंभार्ली घाटात गाडी चालवण्याचा ताण माझ्या पतींना झाला असता.

गुहागरला आम्ही या सेवेचा वापर केला नाही. राज्याच्या पर्यटन खात्याच्या न्याहारी व निवास योजनेत नोंदलेल्या एका घरी उतरलो. आरक्षण फोनवर थेट घरच्या बाईंशी बोलून केले. मध्ये कोणतेही सेवाशुल्क नव्हते, सफाईचे वेगळे पैसे नव्हते आणि सांगितलेला दर हाच भरायचा दर होता. सकाळी घावन आणि नारळाची चटणी दरात धरलेली होती. जेवणाचे माणशी वेगळे पैसे द्यायचे होते आणि ते आधीच स्पष्ट सांगितले होते. परत येताना धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरून दापोलीमार्गे यायचे आम्ही ठरवले, तेव्हा त्या बाईंनी फेरीच्या वेळा स्वतः विचारून ठेवल्या. कोकणात कुटुंबाने जायचे असेल तर आधी या योजनेतली घरे पाहावीत, असे मी आता प्रत्येकाला सांगते. ऑनलाइन सेवेवर त्याच गावातली तशीच घरे शुल्कामुळे महाग दिसतात.

आमच्या फ्लॅटच्या 95,200 रुपयांतून म्हैसूर आणि गुहागर या दोन्ही सहली झाल्या आणि काही रक्कम मुलीच्या शाळेच्या सहलीसाठी उरली. म्हणून आम्ही ही सेवा बंद केलेली नाही. मात्र आता तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम घेत नाही. पाहुणे बदलण्याची संख्या त्यामुळे बरीच घटली आहे, सफाई आणि धुलाईचा खर्च उतरला आहे, आणि सासूबाईंना वरच्या खुर्चीत बसायला जास्त दुपारी मिळतात.

पाचपैकी साडेतीन तारे देते. वेळेवर मिळणारे पैसे, दोन्ही बाजूंचे अभिप्राय आणि कराची सुटसुटीत व्यवस्था यांसाठी ते योग्य आहेत. अर्धा तारा नुकसानभरपाईच्या हाताळणीसाठी कापला आहे. उरलेला एक रात्रीच्या दरासाठी : शोधाच्या पहिल्या पानावरच सफाई, शुल्क आणि कर धरून संपूर्ण मुक्कामाची रक्कम, आणि यजमानाला दर सुचवताना त्या गावात त्या आठवड्यात काय आहे याची जाण, एवढे सेवेने दिले, तर तो मी आनंदाने परत देईन.